टिटवीची अंडी आणि ढोले सर

'ऑगर' हे इंग्रजी क्रियापद ढोले सरांनी आम्हाला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करून शिकवलं. अर्थ, पुढच्या बऱ्यावाईटाची चाहूल देणं. "रोमात या नावाचे पुजारी होते. पाखरं कुठून उडाली ते पाहून राजाले सांगत, लढाईले जा, नाईतर नोको जाऊ. त्यायच्यावरून हे क्रियापद आलं. कोणी म्हणते मूळ पाखरात हाय, कोणी म्हणते 'वाढणं' या अर्थाच्या शब्दात. पक्कं मले माहीत नाई." माहीत नाही म्हणणारा मास्तर आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

आर्वीजवळच्या आमच्या गावात निवृत्तीनंतरही सर दर उन्हाळ्यात वखरणीआधी वावरं धुंडाळत. टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जास्त, असा इकडचा समज. शेतकरी विचारत, "सर, काय म्हणते टिटवी?" सर म्हणत, "तुह्या वावरातलं अंडं पाहून ये, मंग सांगतो."

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढायची. लिहिलं, 'टिटवीत काही नाही! इंग्रजीचे ढोले मास्तर शकुन पाहतात, लाज वाटत नाही?' बाजाराच्या दिवशी ते पत्रक गावभर वाटलं. लोक सरांना पाहून "टिटीव, टिटीव" ओरडू लागले. मला विजय झाल्यासारखं वाटलं. सरांनी वावरात जाणं सोडलं.

एकदा वांगी तोडताना बाबा म्हणाले, "त्याले पावसाचं काई पडलं नोतं, पोरी. अंडं पाहाले माणूस वावरात उतरे, तिथं खुणेले चार गोटे मांडे, मंग वखर बाजूनं काढे. अंडी वाचत."

"मग सर बोलले का नाहीत?"

"तू विचारलं काय?"

मी गेले. सरांनी चहा ठेवला. म्हणाले, "पत्रक बरोबर होतं. पाऊस अंड्यावरून ठरत नाई. लोकायच्या खोट्या समजावर मी काम भागवत होतो, हेही खरं." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "नाव टाकायच्या आधी एकडाव घरी यायचं होतं." मी चहा पिऊन, माफी न मागताच घरी आले. त्याच हिवाळ्यात सर वारले.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या वावरात ट्रॅक्टर शिरताना दिसला. चार ठिपकेदार अंडी पुढच्याच तासात, त्याच्या चाकाच्या वाटेत होती. मी धावत आडवी गेले. "दादा, थांबा, टिटवीची अंडी आहेत!"

ट्रॅक्टरवाले दादा मनापासून हसले. "ताई, टिटवीत काई नाई, हे तुमीच त लिवलं न? व्हा बाजूले."

मी बाजूला झाले. ट्रॅक्टर गेला, आणि टिटवी त्याला सोडून माझ्याच डोक्यावर झेपावत ओरडत राहिली.