काकांना ढकलायचं कसं

माझं काम सुया टोचण्याचं. घाटकोपरला एका लॅबमध्ये मी रक्त घेते. रडणारी पोरं, शीर न सापडणाऱ्या आज्या, सुई दिसली की पांढरेफटक पडणारे जिमवाले, सगळ्यांना टोचून झालंय. हात कधी थरथरला नाही. असल्या बाईला एका माणसाला मागून नीट ढकलता येत नव्हतं, त्याची ही गोष्ट.

आधी ढकलण्याचं सांगते, नाहीतर तुम्हाला भलतंच वाटायचं.

आम्ही स्केटिंग करतो, बर्फावर. आमच्या बाजूच्या एका मॉलमध्ये बर्फाचं छोटंसं मैदान आहे. दुपारी तिथे वाढदिवसाला आलेली पोरं आपटतात आणि आया व्हिडिओ काढतात. रविवारी सकाळी मॉल उघडायच्या आधी मात्र ते आमचं. आम्ही म्हणजे मास्टर्स. नाव ऐकून कुणी उस्ताद वगैरे वाटतील, पण अर्थ एवढाच की वय झालं आणि तरी अक्कल आली नाही. वळणावर काळे रबरी ठोकळे मांडायचे, त्यांच्या बाहेरून वाकून पळायचं, आणि सगळ्यांनी एकदम पळायचं. याला शॉर्ट ट्रॅक म्हणतात. खऱ्या खेळाला लागतं त्याच्या अर्ध्याहूनही आमचं मैदान लहान. टीव्हीवर परदेशी मुलं वळणावर जवळजवळ झोपतात ना, तेच आम्ही करतो, फक्त आम्ही झोपलो तर लवकर उठत नाही.

भर मे महिन्यात मी स्वेटर आणि हातमोजे घालून रिक्षात बसते. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, बुखार है क्या?" मी म्हटलं, हो, दर रविवारी येतो.

आमच्या रिलेच्या संघात चौघं. मी. पवईचा एक इंजिनियर, ज्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या बायकोपेक्षा जास्त बोलतं. गोराईची एक बाई, केक करून विकते, फेरीबोट पकडून येते आणि थंडी सगळ्यांत जास्त तिलाच वाजते. आणि दहिसरचे काका. काका मूळचे मालवणकडचे, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, आता पासष्टी ओलांडलेली. चालत्या बसमध्ये एवढी वर्षं काही न धरता उभे राहिले, त्यामुळे तोल असा की विचारू नका. आम्ही बाकीचे भिंत धरून जगत होतो तेव्हा काका हात मागे बांधून फेऱ्या मारत होते.

तर ढकलणं. या रिलेत हातात काही द्यायचं नसतं. पुढचा गडी गुडघ्यात वाकून तुमच्या समोर येतो, तुम्ही मागून येऊन त्याच्या कमरेवर दोन्ही हात ठेवायचे आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर त्याला द्यायचा. धक्का जेवढा जबरदस्त तेवढा तो सुसाट. परदेशात सोपं असेल. आमच्याकडे पहिल्या दिवशी ढकलण्याआधी जो तो "सॉरी हां" म्हणत होता. गोराईवालीने इंजिनियरला ढकलण्याआधी विचारलं, "तुझी बायको बघत नाय ना रे?" आमची कोच वयाने माझ्या मुलीएवढी, पण तोंडाने माझ्या सासूएवढी. ती कपाळाला हात लावून बसली होती.

हळूहळू लाज गेली. सगळे सगळ्यांना धडाधड ढकलायला लागले. फक्त एक जागा अडत होती. क्रम असा की मी काकांना ढकलायचं. आणि काकांना ढकलताना माझ्या हातांना काय व्हायचं कोण जाणे.

त्याला कारणही होतं. गेल्या पावसाळ्याआधी काका सरावात पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर सुटेपर्यंत घरी भाजी निवडत बसले. प्लास्टर सुटल्यावर परत निघाले तेव्हा काकी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जायचं तर जा, पण यापुढे एकदा जरी पडलात तर ते बूट माझ्या ताब्यात आणि विषय संपला. काकांनी देवासमोर हात जोडून कबूल केलं. आणि काका हा माणूस असा की सुट्टे दोन रुपये परत द्यायचे राहिले तर पुढच्या स्टॉपला उतरून देणारा. कबूल म्हणजे कबूल.

हे आम्हाला कळलं आणि आम्ही सगळे शहाणे झालो. इंजिनियर वळणावर काकांना लांबून वळसा घालायला लागला. गोराईवाली त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायची. मी तर त्यांच्या कमरेला असा हात लावायचे, जसं कपाटाचं काचेचं दार लोटावं. कोच ओरडायची, "काकू, तुम्ही त्यांना ढकलताय की पाठीवरची धूळ झटकताय?" मी म्हणायचे, होईल गं, स्पर्धेत होईल. काका मात्र माझ्या त्या मऊ हातानंतर स्वतःच दोन पावलं जास्त मारून वेग घ्यायचे आणि पुढे जायचे. मला वाटत होतं मी फार चांगलं काम करतेय. एका माणसाचा खेळ वाचवतेय.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. चार क्लब मिळून भरवलेली, एक पुण्याचा, एक सुरतचा, दोन आपले. काकी पहिल्यांदाच बघायला आल्या. ठेवणीतली साडी, वर काकांचं जुनं जॅकेट, आणि मांडीवर रिकामी कापडी पिशवी. पिशवी कशाला ते कुणी विचारलं नाही. गरजच नव्हती. मी काकींना नमस्कार केला तर त्या म्हणाल्या, "सांभाळून घेशील ना गो त्यांना?" मी म्हटलं, काकी, तुम्ही काळजीच करू नका.

पहिली शर्यत सुरतवाल्यांशी. झकास चालली होती. मी माझी फेरी मारून आले, समोर काका वाकून तयार, मी हात पुढे केले आणि तेवढ्यात माझा पाय त्यांच्या पायाला लागला. बुटाखालचं पातं पात्यावर टक्कन वाजलं.

आता तुम्हीच सांगा, मोठ्या माणसाला पाय लागला तर आपण काय करतो? मी विचार केलाच नाही. हात आपोआप खाली गेला, त्यांच्या पाठीला स्पर्श केला आणि माझ्या छातीला लावला. भर शर्यतीत मी काकांना नमस्कार केला. आणि काकांनीही काय करावं? पुढे पळायचं सोडून मागे वळले आणि हात वर करून म्हणाले, "असूंदे, असूंदे."

दोघंही बर्फाच्या मधोमध उभे, एकमेकांना मान देत. सुरतवाला शेजारून भुर्रकन निघून गेला. वाट लागली. वर बसलेल्या लोकांत असं हसू उसळलं की काकींनीसुद्धा पदर तोंडाला लावला. कोचने डोळे मिटून घेतले होते. इंजिनियरच्या घड्याळाने त्याला सांगितलं की तुमच्या हृदयाचे ठोके वाढलेत, जरा बसून घ्या.

आम्ही हरलोच होतो. पण सुरतवाल्यांच्या शेवटच्या गड्याने घाईत वळणावरच्या ठोकळ्यांच्या आतून रस्ता काढला, पंचांनी ते बघितलं आणि त्यांना बाद केलं. अशा रीतीने, संस्कारांच्या जोरावर, आम्ही फायनलला. समोर पुणे.

मध्ये थोडा वेळ होता. मी काकांच्या शेजारी बाकावर बसले आणि हसत हसत म्हटलं, "काका, पाय लागला हो, काय करणार."

काका हसले नाहीत. बुटाची नाडी आवळत म्हणाले, "पायाचा काय नाय गो. हाताचा बोल."

"हाताचं काय?"

"तू रोज लोकांका सुयो टोचतंस. म्हाताऱ्यांका पण टोचतंस ना? मग माका ढकलूक हात कित्याक कापतत तुझे?"

मी म्हटलं, "तुम्ही पडलात तर? काकी पिशवी घेऊन बसल्यात, काका. तुमचं सगळं बंद होईल. मला नाही ते डोक्यावर घ्यायचं."

"ता माझ्या डोक्यावर. कबूल मी केलंय, तू नाय." मग नाडीची गाठ घट्ट केली. "घरात सगळे माका हात धरून रस्तो ओलांडून नेतत. हयसर मी त्यासाठी नाय येत. ह्या धा हात लांब मैदानार एकच गोष्ट माका आवडता, कोणीतरी मागसून धडकान येता आणि माका पुढे फेकता. ती तू देत नाय माका."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर राग पण आला. मी ह्यांचा खेळ वाचवायला मरतेय आणि हे मलाच सुनावतायत. मी म्हटलं, "बघू." ते म्हणाले, "बघू नको. ढकल."

फायनल सुरू झाली. गोराईवालीने सुरुवात छान केली, पण माझ्या फेरीत पुण्याची बाई माझ्या पुढे गेली. मी तिच्या मागे धापा टाकत आले. काका समोर वाकलेले, मान खाली, गुडघे दुमडलेले, आणि त्यांच्या पाठीवरून मला वर बसलेल्या काकी दिसत होत्या. त्या वेळी मनात काय होतं सांगू? फक्त राग होता. म्हटलं घ्या मग. दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा धक्का दिला की माझीच मी गुडघ्यावर आले.

काका गेले. अहो, गेले म्हणजे काय, मी त्यांना तसं कधी बघितलंच नव्हतं. हात मागे बांधून फिरणारे ते काका नव्हतेच. पहिल्या वळणावर एवढे वाकले की डाव्या हाताची बोटं बर्फाला लागली. सरळ पट्टीत पुण्याच्या माणसाला गाठलं, दुसऱ्या वळणाला बाहेरून मागे टाकलं. कोच किंचाळत होती. मी बर्फावर गुडघे टेकलेली तशीच ओरडत होते. पुढे आम्ही होतो. आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्याही चुकीमुळे नाही, आम्ही पुढे होतो.

आणि वळणातून बाहेर पडताना पातं सटकलं. काका आडवे झाले आणि घसरत जाऊन भिंतीच्या गाद्यांना धाडकन लागले.

नियम असा की पडलेल्याला संघातल्या कुणीही येऊन हात लावला की हात लावणारा त्याच्या जागी पुढे पळू शकतो. मी सगळ्यांत जवळ होते. मी गेले. काकांनी पडल्या पडल्या हात वर करून ठेवला होता. त्यांना लागलंय का हे विचारायला मी अर्धा क्षण थांबले असेन, तर म्हणाले, "जा गो!" मी हात लावला आणि पळाले. पुढे इंजिनियरला ढकललं. अर्थात हरलो. पुणं केव्हाच पोहोचलं होतं.

परत आले तेव्हा काका बाकावर बसले होते. कुठे काही मोडलं नव्हतं, कोपर खरचटलेलं. काकी समोर उभ्या. मला वाटलं आता त्या माझ्यावर येणार, आणि त्यांचं चुकलं नसतं. मीच पुढे होऊन म्हटलं, "काकी, मी जोरात ढकललं. चूक माझी. हे पडणं धरू नका."

कोच लगेच म्हणाली, हो ना, तिथे बर्फाला खड्डा पडला होता. इंजिनियर म्हणाला, एवढा वेग त्या वळणात कुणालाच सांभाळता आला नसता. गोराईवाली म्हणाली, पडले कुठे, बसले फक्त. आम्ही सगळे काकींकडे बघत होतो.

काकींचे डोळे भरलेले होते. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मी बघितलंय तुम्ही त्याला मागे टाकलात ते. असे पळता हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही." मग पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "राहू दे. हे नाही धरायचं."

मी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनीच सोडला. फक्त काका नाडी सोडत होते.

"धरायचा," ते म्हणाले.

"अहो, मीच म्हणतेय ना."

"ह्या पोरीन आज माका ढकललान. मी पुढे गेलंय. आणि पडलंय. तीनय गोष्टी खऱ्यो. एक धरूक नाय तर बाकीच्या दोघांका कोण खऱ्यो म्हणतला?" त्यांनी एक बूट काढला, मग दुसरा. पात्यांवरचं पाणी हातरुमालाने पुसलं. "पोरां खेळतत तेव्हा बारक्याक घेतत आणि त्याचा आऊट धरनत नाय. मी कच्चो लिंबू नाय गो."

त्यांनी दोन्ही बूट काकींच्या हातात दिले. काकींनी ते पिशवीत घातले नाहीत, तसेच छातीशी धरून उभ्या राहिल्या, साडी भिजली तरी. मी तिथेच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झकास ढकललंस."