सुगंधाची ओळ, रेवतीचा व्हिडिओ

"ओळ माझी होती!"

"मग तीन वाजता चौकशीला येऊन सांगा ना, ताई! चौकशी घेणाऱ्या चंद्रप्रकाश सरांसमोर उभ्या राहा आणि म्हणा, ओळ माझी आहे."

"तुला कोणी सांगितलं होतं इन्स्टावर टाकायला?"

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या हातात वही द्यायला?"

जेवणाची सुट्टी संपून कँटीन रिकामं झालं होतं. कांदिवलीच्या त्या औषध कंपनीत डिस्पॅचला सतरा वर्षं काढलेली सुगंधा घाडी एका बाजूला, दोन वर्षांपूर्वी कस्टमर केअरला लागलेली मुलुंडची रेवती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये स्टीलचं टेबल. भांडण चाललं होतं ते एवढ्याशा दोन ओळींवरून:

देवान दिले वार सात,
सायबान खाल्लो एक भातात!

मार्च आला की डिस्पॅचचे रविवार रद्द व्हायचे आणि बदली सुट्टी कागदावरच राहायची. त्यावर सुगंधाने होळीच्या आदल्या दिवशी फाग, म्हणजे शिमग्याचं टिंगलीचं गाणं, म्हणायचा, ही चौदा वर्षांची रीत. टेबलं भिंतीला सरकायची, मोठे साहेब पहिल्या खुर्चीत पुरणपोळी खात बसायचे आणि स्वतःवरच्या ओळी ऐकून सगळ्यांच्या आधी हसायचे. तिचे वडील धोंडू गिरणीत होते, पण शिमग्याला न चुकता गावी. ते सांगायचे, "शिमग्यात खोताक पण तोंडावर ऐकवतत. त्या दिवशीचा कोण मनात ठेवणा नाय." सुगंधाने हे कायद्यासारखं गाठीला बांधलं होतं. गावच्या मांडावर, शिमग्याला सगळे जमतात त्या जागी, बायकांना फाग म्हणू देत नसत. लहानपणी तिने दाराआडून ऐकून ऐकून पाठ केलेलं. हे कँटीन म्हणजे तिचा मांड. वर्षातली पंधरा मिनिटं ती डिस्पॅचवाली बाई नसायची.

यंदा नेमका घसा बसला. वही रेवतीला दिली. त्या पोरीला धड मालवणी येईना, 'खाल्लो' म्हणताना जीभ अडखळली. पण 'एक' म्हणून ती थांबली, साहेबांकडे रोखून बघितलं, एक भुवई उचलली, आणि मग हळूच म्हणाली, "भातात!" कँटीन लोटपोट झालं. चौदा वर्षांत असं थांबायचं सुगंधाला सुचलं नव्हतं. तिने टाळ्या वाजवल्या, पण आतून अशी जळली की घसा बसलाय हे बरंच झालं असं वाटलं. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे.

रेवतीने व्हिडिओ टाकला, कंपनीच्या नावासकट. चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितला. सुगंधाच्या सख्ख्या भावाने तो गावाहून तिलाच पाठवला: 'बघ, तुमच्या हापिसातला चेडू कसा झकास म्हणता!'

मग नोटीस आली. कंपनीची बदनामी केली, खुलासा द्या. बाकीच्यांची पाचावर धारण बसली, व्हिडिओखाली दिलेले अंगठे आणि टाळ्या पटापट पुसल्या गेल्या. सुगंधाला मात्र नोटिशीचाही हेवा वाटला. कंपनीच्या लेटरहेडवर, ठळक अक्षरात, रेवतीचं नाव! आपल्याला सतरा वर्षांत पगारवाढीच्या चिठ्ठीपलीकडे कोणी कागद लिहिला नाही.

"व्हिडिओ गाजला तेव्हा मोठ्या तोऱ्यात फिरत होतीस," सुगंधा म्हणाली. "घटनेनं स्वातंत्र्य दिलंय, फोन माझा, अकाउंट माझं!"

"हो, चुकलं माझं. आमच्या बिल्डिंगमधल्या अनंतकाका वकिलांनी काढली सगळी हवा. म्हणाले, बाळे, घटना तुझं तोंड सरकारपासून राखते. खासगी कंपनीत आधी तुझं नेमणूकपत्र काढून वाच. मी सहीपुरतंच बघितलं होतं."

"बघ!"

"आणि तुमचा शिमगा, ताई? तोही कुठल्या कायद्यात नाही म्हणाले."

"मी पर्मनंट आहे. मला कोण हात लावतो?"

"पर्मनंट म्हणजे अमर नाही. काढायचं तर कारण द्यावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, एवढंच. आठवड्याची सुट्टी मात्र खरंच हक्काची आहे. त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार करायला हवी होती. ते सोडून मी भुवई उडवत बसले."

भुवईचं नाव निघताच सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. रेवतीने दोन कागद समोर ठेवले.

पहिल्यावर लिहिलं होतं: 'सर्व ओळी मी रचल्या.' खाली रेवतीची सही.

"चोर!" सुगंधा ओरडली. "राजरोस चोरी ही!"

"अहो, तुम्ही नाही आलात तर तुमचं नाव निघू नये म्हणून लिहिलंय. नोकरी जायची तर एकीचीच जाईल. आता दुसरा वाचा."

दुसऱ्यावर होतं: ही रीत चौदा वर्षांची, साहेब दरवर्षी समोर बसून ऐकतात, कधी कोणाला मनाई केली नाही, ओळी माझ्या. खाली सहीची जागा कोरी.

"काका म्हणाले, जुनं माणूस हे सांगायला उभं राहिलं तर मला काढणं त्यांना जड जाईल. तुम्हालाही झळ लागेल, खोटं नाही सांगत. आईचं डायलिसिस चालू आहे, ताई, नाहीतर पाया पडायला आले नसते. तीनला सात कमी आहेत. तुम्ही सही केलीत तर पहिला कागद फाडते."

सुगंधाने पेनाचं टोपण काढलं. 'ओळी माझ्या' हे दोन शब्द तिने पुन्हा वाचले, मग पुन्हा. निवृत्तीला अकरा वर्षं होती. ती तिने मनात मोजलीही, पण तिची नजर कागदावरून हलेना.

"करते सही," ती म्हणाली. रेवतीचा श्वास सुटला. "पण माझं नाव खाली कशाला? वर घे ना. आधी माझं नाव, रचणार सुगंधा घाडी. तुझं त्याच्याखाली, जरा बारीक. आणि तू काढून टाकलास तरी तो व्हिडिओ अजून कोणाकोणाकडे असेल ना गं? त्यावर पण माझं नाव टाकता येईल?"

"मी नोकरी वाचवायला आले होते, ताई, नाव वाटून घ्यायला नाही," रेवती म्हणाली. मग तिने टेबलावरचा 'सर्व ओळी मी रचल्या' हा पहिला कागद उचलला, त्याची घडी घातली आणि एकटीच चौकशीला निघाली.