नार्नूरला जाऊन तसेच परत येणारे पायलटसाहेब

आमच्या उटनूरला 'पायलट' म्हणजे मंत्र्याच्या गाडीपुढे बोंबलत पळणारी पोलिसांची जीप. त्यामुळे शेजारच्या दोन खोल्यांत मुधोळकर नावाचे गृहस्थ राहायला आले आणि "मी पायलट होतो" म्हणाले, तेव्हा मी, मराठी शाळेतली शिकलीसवरलेली बाई, त्यांना त्या जीपचा ड्रायव्हर समजले. अख्खी गल्ली तेच समजत होती. कोणी विचारलं, "कुठल्या मंत्र्याची पायलट, साहेब?" तर हसून म्हणायचे, "जो बसंल त्याची." आता ते हयात नाहीत, म्हणून हे लिहिते. असते तर हात जोडून 'नका' म्हणाले असते.

मूळचे इकडच्याच मुधोळचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. इतके भिडस्त, की भाजीवालीने सडकी वांगी दिली तरी मुकाट पिशवीत टाकायचे. मीच भांडायला जायचे. दर बाजारच्या दिवशी मात्र कडक इस्त्रीचा सदरा घालून नार्नूरच्या बसमध्ये बसायचे आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन उतरायचे.

"काय आणलं, साहेब?"

"काई नाई, बाई. तसाच आलो."

"मग जाता काऊन एवढ्या उन्हाचं?"

"पाहू, पुढच्या बाजारी."

मला वाटे, या वयात म्हाताऱ्याचं तिकडे काहीतरी आहे. कप्पाळ माझं!

एका पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणे म्हणून एक निवृत्त सुभेदार आले होते. झेंडावंदन पाहायला मुधोळकर फाटकाशी उभे होते. सुभेदारांनी त्यांना पाहिलं, खाडकन सलाम ठोकला आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडायला लागले. 

"श्रीलंकेत आमची तुकडी चारी बाजूंनी अडकली होती," सुभेदार सांगत होते. "मान वर केली की गोळी. आधीचं हेलिकॉप्टर मार खाऊन माघारी फिरलं. हे उतरले! जखमी भरले, नेले आणि पुन्हा आले. पुढची काच फुटलेली, शेजारच्या पायलटच्या खांद्यातून रक्त वाहतंय, तरी पुन्हा आले, बाई!"

मी पायरीवरच बसले. हे? सडकी वांगी नेणारे?

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे सत्कार ठरवला. घरी आले तर मुधोळकर माझ्या दारात उभे, चेहरा पांढराफटक.

"बाई, हार नको. थांबवा ते."

"का म्हणून? एवढं मोठं काम केलंत आणि तोंड लपवता?" मी चिडलेच.

"शेवटच्या खेपेला हेलिकॉप्टर उठंना. वजन जास्त झालं होतं. मागं वळून म्हटलं, एकजण उतरा. दाराजवळचा पोरगा उतरला. खालून मला ओरडला, 'या बरं सायेब वापस.' आपली बोली, बाई! आपल्याकडचा! मी गेलो वापस. तिथं कोणीच नव्हतं." त्यांनी भिंतीला हात टेकला. "मंग पलटणीतून त्याचं नावगाव काढलं. त्याची माय नार्नूरले ऱ्हाते. दारापर्यंत जातो मी. काय सांगू तिले?"

 माझा स्वभाव कुठे जातो! "चला," म्हटलं, "आत्ताच्या बसने जाऊ. मी येते."

नार्नूरला त्या पोराची माय, देवकाबाई, अंगणात ज्वारी पाखडत होत्या. गोळ्यांच्या वर्षावात उतरलेला हा माणूस त्या अंगणाच्या कडेलाच थांबला. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. "मी उतरवलं त्याले. मीच." आता ही माउली सूप यांच्या डोक्यात घालते, म्हणून मी पुढे सरकले. सूप थांबलं होतं.

"म्हंजे माजा नामदेव पयाला नव्हता?"

"पळाला? कोण म्हणतं?"

"समदे म्हनतात. बेपत्ता म्हून तार आली, मढं आलं नाई. गाव म्हने, भेऊन पयाला, लपला असंल कुटं तरी. त्याचा बाप खाली मान घालूनच मेला."

मुधोळकर मटकन खाली बसले.  अरे देवा, या बाईला जे हवं होतं ते यांच्याजवळ होतं, आणि दर बाजारी हे ते तिच्या दारातून परत नेत होते!

देवकाबाई रडल्या नाहीत. उठल्या, साहेबांचं मनगट धरलं आणि शेजारच्या दारात नेऊन उभं केलं. "सांगा, सायेब." मग पुढच्या दारात. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी साहेब घोगऱ्या आवाजात तेच सांगत होते, "मी म्हटलं उतर, आन् तो उतरला. मागंपुढं पाह्यलं नाई त्यानं."

शेवटी कोपऱ्यावरचं किराणा दुकान आलं. नामदेव पळाल्याची गोष्ट पहिल्यांदा याच दुकानातून गावभर झाली होती. सगळं ऐकून दुकानदाराने तराजू तसाच सोडला आणि मान खाली घातली. देवकाबाईंनी फळीवर थाडकन हात आपटला.

"ऐकलं का? माजं लेकरू पयालं नाई. उतरलं."