आगरदांड्याचा एसीवाला

आगरदांड्याच्या जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीला लागून बाळाजीचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मागे एक खोली आणि पुढे पाटी, 'गाडीचा एसी दुरुस्त करून मिळेल'. ती पाटी त्याच्या मुलीने, क्रांतीने, शाळेत असताना रंगवली होती. खाऱ्या हवेने अक्षरं उडत चालली आहेत, तरी हा नवी पाटी करत नाही. विचारलं तर म्हणतो, "ज्याचा एसी बंद हाय त्याला दिसते बरोबर."

बाळाजी मूळचा पालीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. मुंबईत एका गॅरेजात एसीचं काम शिकला आणि बायकोला घेऊन इथे आला. बायको आवडाबाई, माझी मैत्रीण. ती तापाने गेली आणि पुढच्या वर्षी क्रांतीही घर सोडून गेली. तेव्हापासून हा माणूस असा राहतो की बघणाऱ्याला राग यावा. मला तरी येतो. सकाळी भात टाकतो, दुपारी तोच, रात्री तोच. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलींचे फोन आपण लगेच कापतो. हा कापत नाही. "कुठली गं तू? जेवलीस का?" असं विचारतो. ती बिचारी गडबडून फोन ठेवून देते आणि हा थोडा वेळ फोनकडे बघत बसतो.

गाडी दुरुस्त झाली की एसी लावून, काचा वर करून आत बसून राहायची त्याला सवय. "चेक करतोय, वहिनी." अरे, चेक करायला इतका वेळ? तेवढ्यात गिऱ्हाईक माझ्याकडे आणखी एक चहा घेतं, म्हणून मी फार बोलत नाही. एकदा मात्र मी चहा द्यायला गेले तर तो आत एकटाच बोलत होता. फोन हातात नव्हता. मी काच न वाजवता तशीच परत आले.

क्रांतीचं काय झालं ते सांगते, कारण चूक त्याचीच होती. ती पोर गॅरेजात वाढली. बापाच्या आधी तिला आवाज कळायचा. एसी चालू केला की इंजिनापाशी 'टक' असा आवाज येतो. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पुली सतत फिरत असते आणि तिच्यापुढे एक प्लेट असते. एसी लावला की लोहचुंबक प्लेटला ओढून पुलीला चिकटवतो आणि गारवा सुरू होतो. यालाच क्लच म्हणतात. इतकी वर्षं शेजारी राहून मलाही हे पाठ झालंय. क्रांतीला आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक व्हायचं होतं. बाळाजी म्हणाला, "न्हाय. पोरीचे हात काळे झाले तर कोण करील तिला?" मी त्याला तोंडावर सुनावलं, "तुझे हात काळे असून आवडाने केलंच ना तुला?" पण ऐकेल तर बाळाजी कसला! क्रांती माणगावला मावशीकडे गेली, आयटीआय केलं, कंपनीत लागली आणि तिथल्याच ऋत्विकशी लग्न केलं. पत्रिका आली होती. हा इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये बसून राहिला, गेला नाही. म्हणाला, पाय उचलला नाही. त्यानंतर दोघांचं बोलणंच संपलं. तिला मुलगी झाली ते मला बाजारात कुणीतरी सांगितलं आणि मी त्याला. "बरं झालं," म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

यंदाच्या मे महिन्यातला रविवार. गाड्या घेऊन दिघीला जाणाऱ्या जंगलजेट्टीसाठी, म्हणजे फेरीबोटीसाठी, रस्त्यावर रांग लागली होती. एक तरुण टपरीवर आला. "एसीचं काम करणारे बाळाजी इथलेच ना?" मी शेडकडे बोट दाखवलं. तो बाळाजीला रांगेतल्या आपल्या गाडीकडे घेऊन निघाला आणि दोन कप घेऊन मीही मागोमाग गेले, कारण रांगेत चहा खपतो.

गाडीच्या मागच्या सीटवर क्रांती होती. मांडीवर मूल, घामाने निथळलेलं, रडून रडून दमलेलं. बाळाजीने बघितलं. तिने बघितलं. दोघांपैकी कुणी ओळख दाखवली नाही.

"बॉनेट उघडा," बाळाजी त्या तरुणाला, म्हणजे ऋत्विकला, म्हणाला.

इंजिन चालू, एसी चालू. पुली फिरत होती आणि प्लेट जागेवर गप्प उभी. त्याने दिव्याची तार लावून बघितली, दिवा लागला, म्हणजे करंट येत होता. मग त्याने झाडूच्या दांड्याचा तुकडा घेतला आणि प्लेटला हलकेच पुढे रेटलं. टक! प्लेट चिकटली, फिरायला लागली. लोहचुंबक चांगला होता. नुसती मधली फट झिजून वाढली होती. असं असलं की आतली एक बारीक चकती काढतात आणि काम होतं. रांगेतल्या रांगेत होतं. मी त्याला कितीदा करताना पाहिलंय.

बाळाजीने दांडा बाजूला ठेवला. मागच्या सीटकडे न बघता म्हणाला, "क्लच गेलाय. बदलायला लागंल. गॅरेजला घ्या."

हा माणूस गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललेला मला ठाऊक नाही. आणि खोटं बोलला तेही कुणासमोर, तर त्या आवाजात वाढलेल्या पोरीसमोर! मला वाटलं, आता ती फटकन बोलणार, गाडी पुढे निघणार आणि हा उरलेलं आयुष्य भात खात बसणार.

ऋत्विकने वळून बायकोकडे बघितलं. क्रांती म्हणाली, "घे गॅरेजला."

मुरूडच्या एका टुरिस्ट गाडीसाठी आणलेला नवा क्लच कपाटात होता, तोच या गाडीला बसणारा. बाळाजीने पट्टा उतरवला, मधला बोल्ट खोलला, प्लेट ओढून काढली. एरवी सरसर करतो, त्या दिवशी मुद्दाम सावकाश चाललं होतं. मी लेकराला ओल्या फडक्याने पुसलं, पंख्याखाली निजवलं. क्रांती आईच्या फोटोसमोर उभी राहिली आणि मग आतल्या भांड्याचं झाकण उघडून भात बघितला. ऋत्विक माझ्या टपरीवर येऊन बसला आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती मी तेव्हा पोटातच ठेवली.

नवी प्लेट बसवल्यावर फट मोजावी लागते. पातळ पात्यांचं माप असतं, त्यावरचे आकडे मुंगीएवढे. बाळाजी माप डोळ्यांजवळ नेत होता, लांब धरत होता. चष्मा बदलायला मी वर्षभर त्याच्या मागे लागले आहे. एवढ्यात मूल उठलं. क्रांतीने त्याला उचललं आणि सरळ बापासमोर आणलं.

"बाबा, धर हिला."

"माझे हात काळे हायेत."

"धर."

त्याने मनगटांवरच नातीला घेतलं, पंजे बाहेर ठेवून, तिला काळं लागू नये म्हणून. तसाच अवघडून उभा राहिला. क्रांतीने ओढणी खोचली, वाकली, माप घातलं, प्लेट पुन्हा काढून एक चकती बदलली, परत मोजलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. बाळाजी ते हात बघत होता. मला त्या क्षणी त्याचा जराही राग आला नाही.

टक. गार हवा आली.

पुढची फेरी लागत होती. पैसे त्याने घेतले नाहीत, तिनेही आग्रह केला नाही. लेकरू परत घेऊन ती गाडीत बसली. गाडी हलताना काच खाली आली.

"जुना क्लच भंगारात टाकू नको, बाबा. चांगला हाय तो."

गाडी जेट्टीवर उतरली. फेरी दिघीला लागेपर्यंत बाळाजी रस्त्याच्या कडेला उभा होता.

संध्याकाळी तो टपरीवर आला तेव्हा तोंड उतरलेलं. चहा समोर ठेवला तरी हात लावेना. "वहिनी, पकडली तिनं माझी लबाडी. दोन घटका थांबावी म्हणून केलं मी. आता काय वाटलं असंल तिला? बाप लबाडबी हाय. आता न्हाय यायची ती."

मग मी ती गोष्ट बाहेर काढली. "तिला इथे येऊन नाही कळलं. एसी काशीदलाच बंद पडला. तिथेच तिने बॉनेट उघडून, काठी लावून बघितलं. नवरा म्हणाला, पाना आहे, करून टाक. तर म्हणाली, राहू दे, आगरदांड्याला दाखवू."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काशीदपासून लेकराला तसंच आणलं? उन्हात?"

"तसंच."

"आन् मी क्लच गेला म्हटल्यावर..."

"तिला ठाऊक होतं, बाळाजी. तरी थांबली."

त्याने मान खाली घालून काळ्या हातांनीच डोळे पुसले. गाल काळा झाला. मी त्याला ते सांगितलं नाही, निवलेला चहा ओतून दुसरा दिला.