का आलीस, निलम?

निलमला आदल्या दिवसापासून एका जागी बसवत नव्हतं. भाकरी करपली, झाडलेलं अंगण तिने पुन्हा झाडलं, आणि तोंडाने आपली पुटपुट चालूच. माझं नाव निलम, बारावी पास, कॉम्प्युटरचा कोर्स झालाय. घोलवडला चिकूच्या एका नर्सरीत ऑफिसात मुलगी हवी होती. रोपांच्या ऑर्डरी लिहायच्या, गाडी सुटली की फोन करायचा. एवढंसं काम, पण तिचा सगळा जीव त्यात अडकला होता. भातकापणी उरकली होती आणि रानशेतचा त्यांचा पाडा वीटभट्टीवर निघाला होता. टेम्पो यायचा तो नेमका मुलाखतीच्याच संध्याकाळी. भट्टीवर कामाला जोडी लागते आणि नवशीची, म्हणजे तिच्या आईची, जोडी निलमच. गेल्या साली ती गेली होती. पुन्हा तिला जायचं नव्हतं. नवशी तिला नोकरीला जा म्हणाली नव्हती, जाऊ नको असंही म्हणाली नव्हती.

तयारी करून घेतली ती डहाणूच्या अहिल्याबाईंनी. बाई शाळामास्तरीण, एकदा मागे लागल्या की सोडायच्या नाहीत. मान वर ठेव, खणखणीत बोल, येत नाही म्हणू नको. नोकरी का हवी याचं उत्तर तर त्यांनी इतकं घोटून घेतलं, की निलमने ते झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण पाड्याची रीत बाईंना कुठून ठाऊक असणार? आणि निलमच्या ती इतकी अंगवळणी पडलेली, की सांगायचं सुचलंच नाही.

पाड्यावर कुणाच्या दारी काही मागायला गेलं, की लगेच मागत नाहीत. साधा कोयता हवा असला तरी आधी गवताचं बोलायचं, गुरांचं बोलायचं. का आलास विचारलं, तर असाच आलो म्हणायचं. घरधन्याने पुन्हा विचारायचं, मग हळूच सांगायचं. आल्या आल्या मागणाऱ्याला हावरट समजतात.

नर्सरीचे मॅनेजर ललितभाई, माणूस भला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, यंदा भात कसं झालं तेही विचारलं. झालं! मुलाखत राहिली बाजूला, निलम पाहुणी होऊन बसली.

"मग, आमच्याकडे का आलीस?"

"असंच आले."

आता काय म्हणावं या पोरीला! ललितभाई काही पाड्यावरचे घरधनी नव्हते, ते कशाला पुन्हा विचारतील? बरं, कळवतो, म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

निलम बाहेर येऊन पायरीवर बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. स्वतःचाच असा संताप आला होता तिला! डहाणूची एसटी आली नि गेली, ती चढली नाही. लाजेने कान तापले होते. आता जाऊन मागायचं म्हणजे निलाजरेपणाच, पण ती तशीच आत शिरली.

"मी असंच नाही आले. मला हे काम पाहिजे."

ललितभाईंनी फोन खाली ठेवला. मग हे आधी नाही का सांगायचं, म्हणाले. महिनाभर काम बघतो, उद्यापासून ये.

त्यांना वाटलं, पोरगी आता हसेल. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"उद्या नको, आजच बसवा. संध्याकाळी टेम्पो निघायच्या आधी घरी गेले आणि आई चल म्हणाली, तर मला तिला नाही म्हणता यायचं नाही."