बाबांचा नोकरदार जावई

माझ्या बाबांनी, छिन वेईशान यांनी, जन्मभर सूतगिरणीत फिटरचं काम केलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. एवढ्या सरळ माणसाला रोग एकच होता, चारचौघांत मान खाली जाता कामा नये.

मी तिमिरबेक या किरगिझ मुलाशी लग्न केलं, ते त्यांनी पचवलं. तो घरी बसून राहणार, हे मात्र पचेना. आता यात त्याचा काय दोष? बायको चिनी म्हणून त्याला इथे राहायचा परवाना मिळतो, तोही दरवर्षी वाढवून घ्यायचा. त्यावर राहता येतं, कमावता येत नाही. नोकरीचा परवाना वेगळा, त्याला पदवी लागते. तिमिरबेक तिकडे किरगिझस्तानात रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायचा आणि मी तिथे हिशेबनीस होते. ट्रकची पदवी कोण देतं?

आमच्या इमारतींच्या चौकात म्हातारे दुपारभर बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. तिथे निवृत्त पोस्टमन शोंगकाकांनी जावई काय करतो म्हणून विचारलं आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, शहरातल्या मोठ्या क्लासमध्ये रशियन शिकवतो. थाप एकदा मारली की रोज निभवावी लागते. बाबांनी त्याला शर्ट आणले, चामड्याची बॅग आणली. रोज सकाळी माझा नवरा ऐटीत चौकातून जायचा आणि संध्याकाळपर्यंत वेई नदीकाठच्या बागेत बसून राहायचा. थंडीत ओठ निळे पडून परत यायचा. ‘दमला बिचारा शिकवून,’ बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. मला लाज वाटायची. मी बाबांशी भांडले, अबोला धरला. तिमिरबेकच मला समजावायचा की राहू दे, आमच्याकडेही सासऱ्याचा शब्द खाली पडू देत नाहीत.

मग परवाना वाढवायची वेळ आली. पत्ता तपासायला एका रविवारी पोलीस चौकीतले दोंगसाहेब आले आणि नेमके पटापाशी थांबले. शोंगकाकांनी कौतुकाने सांगून टाकलं की आमच्या छिनचा जावई गलेलठ्ठ पगाराचा मास्तर आहे. साहेबांचा चेहराच बदलला. आम्हा तिघांना खाली बोलावलं. या परवान्यावर नोकरी केली तर दंड, मुदतवाढ बंद, वेळ पडली तर देशाबाहेर.

‘क्लासचं नाव सांगा,’ ते बाबांना म्हणाले.

बाबांनी खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. त्यांनी पटावरची एक सोंगटी उगाच सरळ केली. सगळे म्हातारे बघत होते. मी बोलायला गेले तर तिमिरबेकने माझं मनगट घट्ट दाबलं.

‘क्लास वगैरे काही नाही, साहेब,’ तो म्हणाला. ‘मी नदीवर बसतो. बागेच्या माळ्याला विचारा. घरी खोटं सांगितलं, बाबांनाही. रिकामा बसतो म्हणायची लाज वाटत होती.’

शोंगकाका च्‌च्‌ करत बाबांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं फसवतात का, म्हणाले. निदान आता तरी बाबा बोलतील असं मला वाटलं. आणि ते बोलले.

‘काय करणार,’ मान हलवत ते म्हणाले, ‘पोरीचं नशीब.’

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नवऱ्याची लाज वाटली असती तर सोसली असती. स्वतःच्या बापाची लाज वाटते, ती कुणाला सांगायची सोय नसते.

माळ्याने खरं ते सांगितलं, परवाना वाढून मिळाला. तो घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा बाबा नूडल्स उकळत उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी तिमिरबेकच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

‘बाबा, मिळाला. आणखी एक वर्ष,’ तिमिरबेक म्हणाला.

बाबा वळले नाहीत. ‘आणखी वर्षभर माझ्या या थोबाडाकडे बघशील?’

‘वर्षभर कसलं?’ तिमिरबेक हसला. ‘लग्नाला पाच वर्षं झाली की कायमच्या परवान्याला अर्ज करता येतो. मी करणार आहे.’

त्या हसण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाबांनी उलट उत्तर दिलं असतं. त्यांनी गॅस बंद केला, बाहीत तोंड लपवलं आणि माझ्या देखत, जावयाच्या देखत, ते हमसून हमसून रडले.