काळोखताईंनी निवडलेला दिवा

आमच्या वन्सं दिवे विकतात आणि त्यांना उजेड सोसत नाही. समोरच्या बेकरीवाल्याने त्यांचं नाव ‘काळोखताई’ ठेवलं आणि ते असं चिकटलं, की दुकानाच्या पाटीकडे आता कुणी बघतही नाही. ‘काळोखताईंकडून बल्ब घेऊन ये,’ असंच लोक घरून सांगून पाठवतात. मी नवी सून म्हणून या घरात आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या खोलीतला एक दिवा काढून नेला होता. म्हणाल्या, “दोन कशाला? एकाने दिसत नाही का एकमेकांचं तोंड?”

दुकान मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. ते गेल्यावर दोघा भावंडांचं झालं, थोरल्या वन्संचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. माल निवडायचा वन्संनी, माणसं गाठायची नवऱ्याने. बोलणं ही त्याची कला आहे. साधी ट्यूबलाइट घ्यायला आलेला माणूस त्याच्यासमोर जरा वेळ उभा राहिला की झुंबर घेऊन जातो आणि वर आभार मानून जातो. वन्सं बोलायच्या कमी. नवा दिवा आला की तो लावून त्या दिव्याकडे बघायच्याच नाहीत, छताकडे बघायच्या. “खाली किती पडतोय ते गिऱ्हाईक बघतंच,” म्हणायच्या, “वर किती वाया जातोय ते आपण बघायचं.” अंगणासाठी, गच्चीसाठी कुणी दिवा मागायला आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला. “उजेड जमिनीवर हवाय की आभाळात?” आभाळात कुणाला हवा असणार? मग त्या टोपीवाला दिवा काढायच्या. त्याच्या डोक्यावर पत्र्याची टोपी असते, उजेड वर जात नाही. आमच्या गल्लीतले निम्मे दिवे आजही टोपीवाले आहेत.

ह्या सगळ्याचं मूळ मामंजींच्या एका गोष्टीत होतं. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर वायरमन होते. एकदा बोटीचा जनरेटर बसला आणि बोट एका बेटाला लागली. बेट ज्वालामुखीचं. काळी वाळू, काळे दगड, डोंगराच्या तोंडातून धूर आणि गंधकाचा वास. अवसेची रात्र आणि बेटावर एक दिवा नाही. खलाशांनी वाळूवर पांढरं शीड वाळत घातलं होतं. मामंजी त्याच्याजवळ उभे राहिले आणि त्यांना त्यावर आपली सावली दिसली. हात हलवला, तर सावलीनेही हलवला. वर बघितलं तर नुसती आकाशगंगा. “तिच्या उजेडाची सावली होती ती,” असं ते मरेपर्यंत सांगत राहिले आणि लोक मरेपर्यंत हसत राहिले. “बोटीवर काय घेत होतात, काका?” असं तोंडावर विचारायचे. सगळ्यात जास्त हसायचा तो त्यांचा स्वतःचा मुलगा. कुणी थाप मारली की माझा नवरा आजही म्हणतो, “ही बाबांची सावली दिसतेय.”

शेवटच्या आजारात मामंजी वन्संना एवढंच म्हणाले, “तू तरी जाऊन बघ गं. मी खोटं नाही बोललो.”

वन्संना तेव्हापासून त्या बेटावर जायचं होतं. लोकांना वाटायचं, बाईला ताऱ्यांचं वेड आहे. वेड होतंच, पण त्या वेडाच्या पोटात बापाचा शब्द होता. तो एकदा खरा करून यायचा, बस.

एकट्यादुकट्याला तिकडे कुणी नेत नाही, लाँच निघते ती गटासाठी. म्हणून वन्संनी गट जमवला. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, निवृत्त पोस्टमास्तर, बेकरीवाला, मी, आणि ‘तुमच्या सामानाला हमाल’ म्हणून माझा नवरा. अवसेला धरून तारीख ठरली. रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर सगळे जमायचे आणि वन्सं सगळ्यांचा सराव घ्यायच्या. टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवायचा, मोबाइल खाली ठेवून यायचं आणि मुकाट बसायचं. डॉक्टर पाचव्या मिनिटाला विचारायचे, “दिसेल का आता काही?” वन्सं म्हणायच्या, “अंधार मुरू द्या, डॉक्टर. तुम्हीही भूल दिल्यावर लगेच दात उपटत नाही ना?” डॉक्टरांची बायको इतकी हसायची की सगळा मुरलेला अंधार सांडायचा.

मामंजींच्या शिडाच्या जागी न्यायला वन्संनी एक पांढरीशुभ्र चादर घेतली. तिच्या कडा मी माझ्या हाताने दुमडून शिवल्या. बेटावर ती अंथरायची आणि एकेकाने तिच्याजवळ उभं राहायचं, असा बेत होता. पहिली कोण, ते सांगायची गरज नव्हती.

बेटावरच्या लॉजवाल्याशी बोलायचं काम वन्संनी भावावर सोपवलं. “तूच बोल रे, धाकट्या. मला घासाघीस जमत नाही.” धाकटा बोलला. चांगला तासतासभर बोलायचा, दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून. मला कौतुक वाटायचं, बहिणीसाठी किती करतोय म्हणून.

त्याच सुमारास एकदा तो काउंटरवर येऊन टेकला. म्हणाला, “ताई, मोठं काम आलंय. दिवा तू निवड, दुसऱ्या कुणाचं काम नाही ते.”

“कुठलं काम?”

“एक कारखाना आहे. समुद्रकाठी. खारी हवा, त्यात गंधकाच्या वाफा. कुठलाच दिवा टिकत नाही म्हणतात.”

वन्संचे डोळे चमकले. अवघड गिऱ्हाईक त्यांना भारी आवडायचं. पुढचा आठवडाभर दुकानामागे मिठाच्या पाण्याची बादली होती आणि तीत वेगवेगळे दिवे बुडवलेले होते. रोज सकाळी त्या ते काढून पुसून बघायच्या. शेवटी त्यांनी एक ठेवला, बाकीचे परत पाठवले.

“हा घे. बॅटरी सूर्यावर भरते. सगळा डबा बंद, कुठे फट नाही. स्विच ठेवूच नकोस, खाऱ्या हवेत दिव्याच्या आधी स्विच मरतो. अंधार पडला की आपोआप लागेल, उजाडलं की विझेल. कुणाचा हात लागायला नको. आणि टोपीवालाच घे.”

“टोपी नको, ताई. चहूकडे लख्ख हवंय.”

“अरे, निम्मा वर वाया जाईल.”

“जाऊ दे ना. कारखान्याला कसलं आलंय आभाळ?”

वन्संना ते पटलं नाही, पण गिऱ्हाइकाची मर्जी म्हणून त्यांनी टोपी काढली. हसून म्हणाल्या, “बाबांच्या बोटीवर असले दिवे असते तर बोट अडकलीच नसती.” माझा नवराही हसला. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून माझ्या डोक्यात जातं.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळीच सगळे दुकानात जमले होते. कुणी काय न्यायचं, गरम कपडे किती, पोस्टमास्तरांच्या गुडघ्यांना पट्टा हवा का, असलं चाललं होतं. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. लॉजवाला होता. एरवी तो नवऱ्याच्या मोबाइलवर बोलायचा, पण त्या दिवशी तो उचलला गेला नव्हता. वन्संनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणाल्या, “ऐका, बेटावरून फोन आहे.” सगळे काउंटरभोवती गोळा झाले.

लॉजवाला खुशीत होता. “या, या! काही काळजी करू नका. धक्क्यापासून थेट डोंगराच्या तोंडापर्यंत आता दिवसासारखा उजेड आहे. तुमच्याच दुकानाचे दिवे! तुमच्या भावाने माझे डोळे उघडले बघा. मी म्हणत होतो, तारे बघणारे चार लोक येतात तेवढे बास. ते म्हणाले, अहो, अंधाऱ्या बेटावर ठेचकाळायला कोण येणार? उजेड करा, गर्दी होईल.”

माझ्या नवऱ्याने एक खोका उचलला, परत खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

“दिवे कसे आहेत?” वन्संनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

“गोल, पांढरे, चहूकडे उजेड. वारा काय, वाफा काय, कशालाच दाद देत नाहीत.”

“आम्ही असताना तेवढी एक रात्र बंद ठेवता येतील?”

लॉजवाला हसला. “अहो, त्यांना स्विचच नाही! तीच तर गंमत आहे. काळोख पडला की आपापले लागतात.”

वन्संनी आभार मानून फोन ठेवला. मग भावाकडे बघितलं. “कारखाना होता ना रे, धाकट्या?”

मला वाटलं, हा माणूस आता खाली बघेल. निदान कानाची पाळी तरी लाल होईल. पण बोलणं ही त्याची कला. म्हणाला, “ताई, तुला खरं सांगितलं असतं तर तू दिवा निवडला असतास का?”

“नसता.”

“मग? मी काय करायला हवं होतं?”

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. गळा वन्संचा आणि केसही वन्संचाच. तो वर्षभर रविवारी आमच्यात बसला होता, टॉर्चला लाल कागद लावून, अंधार मुरवत. खाली उतरला की पायरीवर बसून तोच अंधार विकायचा. लोक मला म्हणतात, तुझा नवरा मनाने वाईट नाही. लोकांचं काय जातं म्हणायला?

आणि गट? मला वाटलं होतं, आता भडका उडेल, निदान डॉक्टर तरी दोन शब्द सुनावतील. घसा खाकरला तो पोस्टमास्तरांनी. “तसं बघायला गेलं तर... वाट उजेडाची आहे हे बरंच झालं की. माझे गुडघे.” बेकरीवाला म्हणाला, “तारे काय, थोडे कमी दिसतील.” डॉक्टरांची बायको म्हणाली, “फोटो तरी चांगले येतील.” एकेक वाक्य साधंच होतं, कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण वन्संनी एकेकाकडे असं बघितलं, जणू ह्या लोकांची नावं त्यांना आठवत नव्हती. मग त्या जिना चढून वरच्या आपल्या खोलीत गेल्या. जेवायला आल्या नाहीत.

सहल गेली. वन्संच्या जागी पुढारी झाला माझा नवरा. ‘काम कसं दिसतंय तेही बघून होईल,’ म्हणाला. मी गेले नाही. घरात आम्ही दोघीच होतो. त्या तेवढ्या दिवसांत वन्संनी दुकान उघडलं, गिऱ्हाइकं केली, माझ्याशी भाज्यांच्या भावाबद्दल बोलल्या. फक्त गिऱ्हाइकाला तो ‘जमिनीवर की आभाळात’ प्रश्न विचारायच्या बंद झाल्या. जो दिवा कुणी मागेल तो काढून द्यायच्या. मी एकदा बोलले, “वन्सं, आदळआपट करा, रडा, त्याला चार शिव्या घाला.” त्या म्हणाल्या, “आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला शिव्या घालू?” मला त्यांचाही राग आला. मी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

मंडळी परतली ती थेट दुकानात. सगळे रापलेले, खूश. डॉक्टर पुढे झाले. त्यांच्या मोबाइलवर फोटो होता. “ताई, तुमच्यासाठी एक गोष्ट करून आलोय,” म्हणाले. “तुम्ही आला नाहीत, चादर न्यायची राहिली, पण आम्ही विसरलो नाही. लॉजवाल्याकडून मागून घेतली.”

फोटोत काळ्या वाळूवर एक पांढरी चादर होती आणि भोवती चौघं हात वर करून हसत उभी होती. चादरीवर सावल्या पडल्या होत्या. काळ्याभोर, कातरल्यासारख्या. प्रत्येकाच्या दोन-दोन, तीन-तीन.

“पडली बघा सावली!” डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. “तुमच्या वडिलांचा शब्द खरा झाला.”

मागून माझा नवरा म्हणाला, “बघ ताई. झालं ना तुझं काम?”

वन्संनी मोबाइल हातात घेतला. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आता फेकतील तो. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, माणसं बाजूला सारली आणि वरच्या कोपऱ्यात आभाळ शोधलं. तिथे काही नव्हतं. करड्या रंगाचं नुसतं छत.

“उजेड चांगला पडलाय,” म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.

सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. चादर त्यांनी वरून आणली होती आणि नव्या मालाच्या खोक्यांवर धूळ बसू नये म्हणून ती पसरत होत्या. मी शिवलेल्या कडा सारख्या करत होत्या. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “वन्सं, वस्तूच ती. आज ना उद्या बंद पडतीलच हो ते दिवे. मग जाऊ आपण दोघीच. मी येते तुमच्याबरोबर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरासं हसू आलं, आणि ते न आलं असतं तर बरं झालं असतं.

“नाही गं पडणार,” त्या म्हणाल्या. “मी निवडलेत.”